फ्रॅक्टल चित्र संगणक काढतो की कलाकार? सूत्रातून उमटणारी नक्षी आणि शाई-जलरंगांचा खेळ

रंगीत भोवरा, त्याच्या कडेला तसेच छोटे भोवरे, त्यांच्या कडेला आणखी छोटे... कितीही आत शिरले तरी न संपणारी अशी चित्रे आणि व्हिडीओ सोशल मीडियावर वारंवार दिसतात. या प्रकाराला 'फ्रॅक्टल आर्ट' म्हणतात. जगभरात असे अनेक कलाकार आहेत, जे संगणकावर फ्रॅक्टल तयार करतात आणि त्याच जोडीला कागदावर शाई व जलरंगांची गमतीदार, स्वप्नातल्यासारखी चित्रेही काढतात. एक काम गणिताचे, दुसरे हाताचे. वरवर पाहता दोन्हींचा काही संबंध दिसत नाही.

फ्रॅक्टल चित्राखाली एक प्रतिक्रिया मात्र हमखास असते : 'हे तर संगणकाने केले, यात कलाकाराचे काय?' एआयने तयार केलेल्या चित्रांचा पूर आल्यापासून हा प्रश्न अधिकच विचारला जातो. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी फ्रॅक्टल कसे तयार होते आणि ओल्या कागदावर पडलेला शाईचा थेंब काय करतो, हे दोन्ही पाहावे लागते.

फ्रॅक्टल म्हणजे काय?

एखाद्या आकाराचा छोटा भाग मोठा करून पाहिला आणि तो मूळ आकारासारखाच दिसला, त्या भागाचा आणखी छोटा भागही तसाच दिसला, तर त्या आकाराला ढोबळमानाने फ्रॅक्टल म्हणता येते. नेचे या वनस्पतीचे पान पाहा. मोठ्या पानाला लहान पाने असतात आणि प्रत्येक लहान पान मोठ्या पानाची छोटी प्रतिकृती असते. फुलकोबीचा तुरा मोडला तर हातात छोटी फुलकोबीच येते. झाडाच्या फांद्या, नदीला मिळणारे ओढे, विजेची रेघ, फुप्फुसांतल्या श्वासनलिका यांतही अशीच रचना दिसते. निसर्गात ही पुनरावृत्ती काही टप्प्यांनंतर थांबते. गणितात ती कधीच थांबत नाही.

समुद्रकिनारा हे याचे प्रसिद्ध उदाहरण. भारताच्या किनाऱ्याची लांबी शाळेत अनेक वर्षे ७,५१६.६ किलोमीटर अशी शिकवली गेली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. देशाला नवा किनारा मिळाला नव्हता. आधीची मोजणी १९७० च्या दशकातली आणि ढोबळ नकाशावरची होती. नवी मोजणी कितीतरी बारीक नकाशावर झाली, त्यामुळे खाड्या, वळणे, खाचा हे सगळे त्यात धरले गेले. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब भरतो. फ्रॅक्टलचा हा गुणधर्म आहे.

ही कल्पना कुठून आली?

'फ्रॅक्टल' हा शब्द १९७५ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने तयार केला. 'तुटलेला, भंगलेला' अशा अर्थाच्या 'फ्रॅक्टस' या लॅटिन शब्दावरून तो आला. मँडेलब्रॉट यांचा जन्म १९२४ मध्ये वॉर्सा येथे झाला, शिक्षण प्रामुख्याने फ्रान्समध्ये झाले आणि १९५८ पासून ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात होते. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, हा प्रश्न विचारणारा त्यांचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र असे आकार गणितज्ञांना त्याआधीपासून माहीत होते. स्वीडनचे हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्ये एक रेषा मांडली. सरळ रेषेचे तीन समान भाग करायचे, मधला भाग काढून तिथे त्रिकोणाच्या दोन बाजू उभ्या करायच्या आणि तयार झालेल्या प्रत्येक रेषेवर हेच पुन्हा करायचे. प्रत्येक फेरीत लांबी एक तृतीयांशाने वाढते. १० फेऱ्यांनंतर ती मूळ रेषेच्या सुमारे १७.८ पट होते. कागदावरची जागा मात्र तेवढीच राहते.

फ्रान्समध्ये गास्ताँ ज्यूलिया आणि पियेर फातू यांनी १९१८ च्या सुमारास, एकच सूत्र पुन्हा पुन्हा वापरले तर काय होते याचा अभ्यास केला. ज्यूलिया पहिल्या महायुद्धात जखमी झाले होते. त्यात नाक गमावल्याने ते आयुष्यभर चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधत. त्यांनी जे आकार गणिताने सिद्ध केले, ते पूर्ण तपशिलात पाहण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. लाखो आकडेमोडी हाताने करणे शक्य नव्हते. ते साधन संगणकाच्या रूपाने आले. १९८० मध्ये मँडेलब्रॉट यांनी आयबीएमच्या संगणकावर एका आकाराची चित्रे काढली. हाच आकार पुढे 'मँडेलब्रॉट संच' या नावाने ओळखला जाऊ लागला.

एका ओळीच्या सूत्रातून चित्र कसे तयार होते?

मँडेलब्रॉट संचाचे सूत्र एका ओळीत मावते : हातातल्या संख्येचा वर्ग करा, त्यात एक ठरावीक संख्या मिळवा, जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा. सुरुवात शून्यापासून करायची.

ठरावीक संख्या १ घेतली तर उत्तरे येतात १, २, ५, २६, ६७७... म्हणजे संख्या भराभर वाढत हाताबाहेर जाते. ठरावीक संख्या उणे १ घेतली तर उत्तरे येतात उणे १, ०, उणे १, ०... म्हणजे ती कायम तिथल्या तिथे फिरत राहते. पहिल्या प्रकारच्या संख्या संचाबाहेर, दुसऱ्या प्रकारच्या संचात.

चित्र काढताना साध्या संख्यांऐवजी संमिश्र संख्या घेतात. संमिश्र संख्येचे दोन भाग असल्यामुळे प्रत्येक संख्या म्हणजे कागदावरचा एक बिंदू होतो, एक भाग आडवा आणि एक उभा. संगणक पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूसाठी वरची आकडेमोड करतो. संख्या पळून जात नसेल तर तो बिंदू सहसा काळा ठेवतात. पळून जात असेल तर किती फेऱ्यांनंतर पळाली, त्यानुसार बिंदूला रंग देतात. पाच फेऱ्यांत पळालेल्याला एक रंग, पन्नास फेऱ्यांत पळालेल्याला दुसरा. डोळे दिपवणारे सगळे रंग काळ्या आकाराच्या बाहेर, त्याच्या काठाजवळ असतात, ते यामुळे.

काम किती होते, याचा अंदाज घेता येतो. १९२० गुणिले १०८० आकाराच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकासाठी जास्तीत जास्त १,००० फेऱ्या ठरवल्या तर वरची मर्यादा २०० कोटींहून अधिक आकडेमोडींची होते. हे काम अर्थातच यंत्राचे आहे.

मग कलाकार काय करतो?

कलाकाराचे पहिले काम म्हणजे जागा शोधणे. मँडेलब्रॉट संचाचा पूर्ण आकार सगळ्यांसाठी सारखाच असतो. एक मोठा बदामाकृती भाग, त्याला चिकटलेले वर्तुळ आणि भोवती कळ्या. पाहण्यासारखे सगळे त्याच्या काठावर असते आणि काठ अनंत आहे. त्यातल्या काही जागांना चाहत्यांनी नावेही दिली आहेत. मोठा भाग आणि वर्तुळ जिथे मिळतात, त्या खाचेला 'सीहॉर्स व्हॅली' म्हणतात, कारण तिथल्या वेलबुट्ट्या समुद्रघोड्यांच्या शेपट्यांसारख्या दिसतात. त्या खाचेत शिरून कुठे थांबायचे, चौकट कशी धरायची, कोणता भोवरा मध्यभागी आणि कोणता कोपऱ्यात ठेवायचा, हे ठरवावे लागते. जंगलात कॅमेरा घेऊन गेलेला छायाचित्रकारही हेच करतो. जंगल त्याने निर्माण केलेले नसते, तरी छायाचित्र त्याचे असते.

दुसरे काम रंगांचे. सूत्र फक्त फेऱ्यांचे आकडे देते. पाचला निळा द्यायचा की गेरूचा, रंग हळूहळू बदलायचे की एकदम तोडायचे, हे सूत्रात नसते. एकाच जागेचे दोन रंगसंगतींतले चित्र पाहिले तर ती एकच जागा आहे यावर विश्वास बसत नाही. तिसरे काम थरांचे. अल्ट्रा फ्रॅक्टलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक लेयर ठेवता येतात, एकातून दुसरा डोकावू देता येतो, नको तो भाग झाकता येतो.

चौथे काम सगळ्यात कमी दिसते, ते म्हणजे टाकून देणे. आकडा किंचित बदलला की नवे चित्र मिळते, त्यामुळे चित्रांना तोटा नसतो. त्यांतले बहुतेक एकसारखे, भडक किंवा निर्जीव असतात. त्यातून ठेवण्याजोगे कोणते, हे यंत्र सांगत नाही. फ्रॅक्टल कलाकार केरी मिचेल यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या जाहीरनाम्यात हाच मुद्दा मांडला होता. संगणक सगळे काम करतो हा समज चुकीचा आहे आणि संगणक असलेला कोणीही चांगले फ्रॅक्टल करू शकेल असेही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद एआयच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

फ्रॅक्टल चित्रांचे प्रकार कोणते?

मँडेलब्रॉट संच हा फक्त एक प्रकार झाला. गणितज्ञ मायकल बार्नस्ली यांच्या नावाने ओळखले जाणारे नेच्याचे पान अवघ्या चार नियमांतून तयार होते. प्रत्येक वेळी चारपैकी एक नियम नशिबावर सोडून निवडायचा आणि त्यानुसार एक ठिपका द्यायचा. हजारो ठिपक्यांनंतर पडद्यावर हुबेहूब पान दिसू लागते.

याच पद्धतीचा पुढचा अवतार म्हणजे 'फ्लेम फ्रॅक्टल'. स्कॉट ड्रेव्ह्ज यांनी १९९२ मध्ये तो तयार केला. रेशमी वस्त्रासारखी किंवा धुरासारखी दिसणारी, आतून उजळलेली फ्रॅक्टल चित्रे बहुधा या प्रकारची असतात. अपोफिसिस या मोफत सॉफ्टवेअरमुळे ती हौशी कलाकारांपर्यंत पोहोचली. २००९ मध्ये डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांच्या प्रयत्नांतून मँडेलब्रॉट संचाचा त्रिमितीय भाऊबंद, 'मँडेलबल्ब', पुढे आला. गुहा, मनोरे, परग्रहावरची शहरे वाटावीत अशी चित्रे त्यातून मिळतात.

चित्रपटांनीही हे तंत्र लवकर उचलले. लॉरेन कारपेंटर यांनी विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीत असताना फ्रॅक्टल पद्धतीने डोंगर तयार करून 'व्होल लिब्र' हा दोन मिनिटांचा चित्रपट केला. तो १९८० मध्ये संगणक-चित्रांच्या सिग्राफ परिषदेत दाखवला गेला आणि त्यानंतर त्यांना लुकासफिल्ममध्ये काम मिळाले. १९८२ च्या 'स्टार ट्रेक : द रॅथ ऑफ खान' मध्ये उजाड ग्रह हिरवा होतानाचे दृश्य याच पद्धतीच्या डोंगरांवर उभे आहे. २०१७ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' च्या दुसऱ्या भागात ईगो या पात्राचा ग्रह रचण्यासाठीही फ्रॅक्टल वापरले गेले आणि त्यासाठी हॅल टेनी या फ्रॅक्टल कलाकाराची मदत घेण्यात आली.

शाई आणि जलरंगांचा याच्याशी काय संबंध?

आता कागदाकडे. जलरंगाचे मुख्य काम पाणी करते, कलाकार पाण्याला वाट करून देतो. कोरड्या कागदावर रंग लावला तर तो ब्रश फिरला तिथेच राहतो. कागद आधी ओला करून त्यावर रंग सोडला, तर तो पाणी नेईल तिकडे पसरतो. पसरलेल्या रंगाच्या कडेला पिसांसारखे, फांद्यांसारखे फाटे फुटतात. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला तर पाणी रंगाचे कण ढकलत बाहेर नेते आणि फुलकोबीसारखी कातरलेली कड तयार होते. या डागाला इंग्रजी बोलणारे चित्रकार 'कॉलिफ्लॉवर' असेच म्हणतात.

वाळताना आणखी एक गोष्ट घडते. डागाच्या कडेचे पाणी आधी उडते, ती जागा भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि येताना रंगाचे कण घेऊन येते. म्हणून जलरंगाच्या डागाची कड मध्यापेक्षा गडद असते. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग वर्तुळासारखा वाळतो तोही याच कारणाने. १९९७ मध्ये 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचे स्पष्टीकरण दिले गेले.

शाई आणि अल्कोहोल एकत्र आले की प्रकार अधिकच फ्रॅक्टलसारखा होतो. जपानी कलाकार आकिको नाकायामा ओल्या रंगाच्या थरावर अल्कोहोल मिसळलेल्या शाईचे थेंब सोडतात. थेंबाचा पृष्ठताण आणि खालच्या थराचा पृष्ठताण वेगवेगळा असल्याने शाई बाहेर खेचली जाते आणि झाडासारख्या फांद्या फुटत जातात. जपानच्या ओकिनावा येथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या तंत्राचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या फांद्यांची रचना त्यांनी फ्रॅक्टल म्हणूनच मोजली.

म्हणजे दोन्ही कामांत नियम आधीच ठरलेले आहेत. संगणकावर ते सूत्राचे, कागदावर पाण्याचे. प्रत्येक रेघ कलाकार स्वतः ओढत नाही. तो परिस्थिती रचतो आणि काय उमटते ते पाहतो. फरक एवढाच की, संगणकावर तेच आकडे दिले तर तेच चित्र पुन्हा मिळते. कागदावर मात्र एकदा पसरलेला थेंब तसाच पुन्हा कधी पसरत नाही.

डागातून गमतीदार चित्रे कशी होतात?

डागात आकार शोधण्याची सवय जुनी आहे. चित्रकाराने डागाळलेल्या भिंतींकडे पाहावे, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतात, असे लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवले आहे. १८व्या शतकात इंग्लंडचे अलेक्झांडर कोझेन्स यांनी शाईच्या डागांपासून निसर्गचित्र रचण्याची पद्धत मांडली. कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असलेले व्हिक्टर ह्यूगो शाईचे डाग पाडून, कागदाच्या घड्या घालून चित्रे काढत. १९३६ मध्ये ऑस्कर दोमिंगेझ यांनी रंग लावलेल्या कागदावर दुसरा कागद दाबून तो उचलण्याचे तंत्र वापरले. दोन पृष्ठभाग विलग होताना हवा रंगात घुसते आणि समुद्रातल्या पोवळ्यासारख्या फांद्या तयार होतात.

आजचे मिश्रमाध्यमातले कलाकार हीच वाट वापरतात. आधी जलरंगाचा मोकळा डाग. तो ओला असताना त्यावर मीठ भुरभुरले तर मिठाचा खडा भोवतालचे पाणी ओढतो आणि चांदण्यांसारखे फिकट ठिपके उमटतात. डाग पूर्ण वाळला की पेन हातात येते. फुगीर डागाला दोन काटकुळे पाय आणि चष्मा दिला की तो पक्षी होतो. वरच्या ओघळाला खिडक्या काढल्या की हवेत तरंगणारे घर दिसते. मेंदूला अर्धवट आकारात चेहरे शोधण्याची खोड असते, त्यामुळे दोन ठिपक्यांचे डोळे पुरेसे होतात. अवघड असते ते थांबणे. जास्त रेघा ओढल्या की डागाचा मोकळेपणा जातो आणि पक्षी रंगवलेल्या पुस्तकातल्यासारखा दिसू लागतो.

इथे शाईची निवड महत्त्वाची ठरते. 'इंडिया इंक' या नावाने मिळणारी शाई काजळीपासून बनते. तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असेल, तर ती वाळल्यावर पाण्याने विरघळत नाही. त्यामुळे आधी रेघा काढून वरून जलरंग देता येतो. साध्या फाउंटन पेनच्या शाईवर पाणी पडले की ती पसरते. काही जण मुद्दाम तीच वापरतात, मग रेघेतूनच सावली तयार होते. कागद जाड, शक्यतो ३०० जीएसएमचा लागतो. पातळ कागद पाण्याने वाकतो आणि रंग खळग्यांत साचतो.

दोन्ही एकाच चित्रात आणता येतात का?

येतात. काही कलाकार फ्रॅक्टल जलरंगाच्या कागदावर छापतात आणि त्यावर हाताने शाई व रंग चढवतात. त्यात एक अडचण असते. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी असेल तर ब्रश लागताच छपाई पसरते. रंगकण असलेली, म्हणजे पिगमेंट शाई बरी टिकते. उलट दिशेनेही काम होते. कागदावरचा जलरंगाचा डाग स्कॅन करून तो फ्रॅक्टलवर लेयर म्हणून ठेवला जातो. त्यामुळे संगणकाच्या गुळगुळीत रंगांना कागदाचा पोत मिळतो. काही जण फ्रॅक्टलमधून फक्त रंगसंगती किंवा एखादे वळण उचलतात आणि पूर्ण चित्र हाताने करतात.

संगणकाआधी कलेत फ्रॅक्टल होते का?

लहान रूपातून मोठे रूप रचण्याची कल्पना भारतीय मंदिरांमध्ये स्पष्ट दिसते. मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ मध्ये हिंदू मंदिरांकडे फ्रॅक्टल विश्वाची प्रतिकृती म्हणून पाहणारा निबंध लिहिला. महाराष्ट्रात याचे उदाहरण पाहायचे तर सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर. भूमिज शैलीच्या या मंदिराच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या आहेत. मोठे शिखर म्हणजे त्याच्याच लहान प्रतिकृतींचा समूह. अर्थात कारागिरांपुढे सूत्र नव्हते आणि ही पुनरावृत्ती मोजक्या टप्प्यांची आहे. तरी तिच्यामागचा विचार तोच आहे.

गुंतागुंतीचे दिसणारे सगळेच मात्र फ्रॅक्टल नसते. अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळू देत. रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'नेचर' मध्ये लिहिले की, या चित्रांत फ्रॅक्टल रचना मोजता येते. या मोजमापाचा उपयोग पोलॉक यांची म्हणून पुढे आलेली चित्रे तपासण्यासाठीही झाला. २००६ मध्ये कॅथरीन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथूर यांनी त्यावर आक्षेप घेतला. सहज गिरबटलेले चांदण्यांचे चित्रही त्या निकषांवर उत्तीर्ण होते, असे त्यांनी दाखवून दिले. चित्र कोणाचे हे केवळ आकड्यावरून ठरवणे किती धोक्याचे आहे, ते या वादातून दिसले.

फ्रॅक्टल आणि एआय चित्र यांत फरक काय?

'फ्रॅक्टल' असा शब्द देऊन एआयकडून चित्र मागितले तर ते फ्रॅक्टलसारखे दिसणारे चित्र देते. एआयने असंख्य चित्रांवरून 'अशी चित्रे कशी दिसतात' हे उचललेले असते. त्यामागे सहसा सूत्राची आकडेमोड नसते. म्हणून अशा चित्रात आत शिरायला जागा नसते. मोठे करून पाहिले तर भोवऱ्यात भोवरा सापडत नाही, नक्षी मध्येच विरते किंवा दोन वेली विनाकारण एकमेकींत मिसळतात.

खऱ्या फ्रॅक्टलची एक पॅरामीटर फाइल असते. तीत सूत्र, जागा, रंग, लेयर यांचे आकडे असतात. ती फाइल उघडली की तेच चित्र पुन्हा, हवे तेवढ्या मोठ्या आकारात तयार करता येते. आत शिरायलाही मर्यादा आहे, पण ती संगणकाची. नेहमीच्या आकडेमोडीत सुमारे १५-१६ अंकांपर्यंतच अचूकता मिळते. त्यापुढे गेल्यास चित्राचे ठोकळे दिसू लागतात आणि अधिक अंकांची, संथ आकडेमोड वापरावी लागते. एखादे चित्र खरोखर फ्रॅक्टल आहे का असा वाद झाला, तर पॅरामीटर फाइल आणि कामाचे टप्पे हा कलाकाराकडचा भक्कम पुरावा असतो. शाई-जलरंगाच्या बाबतीत तो पुरावा म्हणजे मूळ कागद.

अशा चित्रावर हक्क कोणाचा?

गणिताच्या सूत्रावर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. मँडेलब्रॉट संचाचे चित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यातून निवडलेली जागा, रंग आणि थर यांतून झालेली विशिष्ट कलाकृती ही वेगळी गोष्ट आहे. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम २(डी)(६) नुसार, संगणकाने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कलाकृती निर्माण करवणारी व्यक्ती. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. कलम ५७ कलाकाराला आपल्या कामावर आपले नाव सांगण्याचा हक्क देते. कलाकृतीचे हक्क विकल्यानंतरही हा हक्क त्याच्याकडे राहतो.

प्रत्यक्षात मात्र फ्रॅक्टल चित्रे नावाशिवाय सर्रास फिरतात. मोबाइलचे वॉलपेपर, सुविचारांच्या पोस्ट, ध्यानधारणेचे व्हिडीओ यांत ती वापरली जातात. 'हे तर संगणकाने केले' हा समज त्याला हातभार लावतो. कोणीच काढले नाही असे वाटणाऱ्या चित्राखाली नाव लिहावे, असे कोणाच्या मनात येत नाही. जलरंगाचे चित्र पुढे पाठवताना कोपऱ्यातली सही निदान दिसते. फ्रॅक्टलवर बऱ्याचदा तीही नसते किंवा चित्र कापताना निघून जाते. चित्र आवडले तर मूळ पोस्ट शेअर करणे आणि नाव माहीत असल्यास लिहिणे, एवढे केले तरी मोठा फरक पडतो.

स्वतः करून पाहायचे असेल तर?

'झाओस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये माऊस दाबून धरला की मँडेलब्रॉट संचात आत आत जाता येते. त्रिमितीय फ्रॅक्टलसाठी 'मँडेलबल्बर' मोफत मिळते. सुरुवातीला सगळेच सुंदर वाटते. म्हणून एकाच जागेची दहा चित्रे वेगवेगळ्या रंगांत करून त्यातले एकच ठेवायचे, हा चांगला सराव आहे. कागदावर त्याच सरावाचे रूप म्हणजे जाड कागदाचा तुकडा ओला करून शाईचा एक थेंब सोडायचा, तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही आणि मग जास्तीत जास्त पाच रेघांत त्याचे काहीतरी करायचे.

संगणक असो वा पाणी, उमटवण्याचे काम ते करतात. दहापैकी कोणते चित्र ठेवायचे आणि सहावी रेघ का ओढायची नाही, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. फ्रॅक्टलखालच्या त्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या ठरवण्यात आहे.